आधी लेखनिक, मग लेखक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात होतकरू लेखकांपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली की, यंदाच्या संमेलनात लिहू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही चार शब्द बोलावे. आज्ञा ऐकून आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून पस्तीसहून अधिक वर्षे मुलांना बाराखडी व निबंध शिकविला. आमच्या नावावर एकही ग्रंथ नाही. ज्याने स्वतः विहीर खणली नाही, त्याने दुसऱ्यास पाणी कोठे लागेल हे काय म्हणून सांगावे? तसे आम्ही बोलूनही दाखविले. त्यावर चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुमचे काय चुकले तेवढे सांगा. पोरांना ते पुष्कळ होईल." हे मात्र आम्हांस पटले. चुकांचे भांडवल आमच्यापाशी भरपूर आहे.

१९६९ साली आपल्या वर्ध्यास कवी पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, शहाण्णवावे संमेलन पुन्हा येथे भरले व न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांनी त्याचे अध्यक्षपद भूषविले. त्या संमेलनापासून आपल्या समाजातील पुष्कळ मुले आमच्याकडे वह्या घेऊन येऊ लागली आहेत. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "गुरुजी, लेखक होण्यास काय करावे?" त्या प्रश्नास आमचे उत्तरही एकच आहे, आणि तेच आज थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे. लेखक होण्याच्या आधी लेखनिक व्हा. दुसऱ्याच्या तोंडचे शब्द नीट ऐकून, जसेच्या तसे कागदावर उतरविण्यास शिका. बाकीची कला त्याच्या मागून चालत येते.

हे आम्ही आपल्या मनचे सांगत नाही. आपल्या समाजाचे आराध्य श्रीसंत संताजी महाराज जगनाडे यांच्याकडेच पाहा ना. चाकणचे हे तेली गृहस्थ तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक होते. घरचा धंदा तेलाचा. तथापि कीर्तनात उभे राहून टाळ वाजविणे एवढ्यावरच त्यांनी समाधान मानले नाही. तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी वह्यांत लिहून ठेवले. त्या वह्या त्यांच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या जपल्या, आणि ठाण्याचे विद्वान विनायक लक्ष्मण भावे यांनी त्यांच्या आधारे १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा गाथा छापून प्रसिद्ध केला. म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनंतर एका तेल्याच्या हस्ताक्षराची साक्ष पंडितांस घ्यावी लागली. आपण दरवर्षी ८ डिसेंबरला महाराजांची जयंती करतो, प्रतिमेस हार घालतो, प्रसाद वाटतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु महाराजांच्या हाती टाळ होते तशी लेखणीही होती, याची आठवण आपण किती ठेवतो?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराजांच्या नावे जे स्वतःचे अभंग प्रसिद्ध आहेत, त्यांत घाण्याचे रूपक आहे. ज्याने गुरूचे शब्द इतक्या निष्ठेने उतरविले, त्याला स्वतः बोलावयाची वेळ आली तेव्हा उसने शब्द शोधावे लागले नाहीत. जो घाणा डोळ्यांसमोर रोज फिरत होता, त्यातूनच त्याचा परमार्थ निघाला.

आता आमची चूक सांगतो. आमच्या वडिलांचा लाकडी घाणा होता. गावात जवस, तीळ व भुईमूग ज्याच्या घरी पिके तो आमच्या दारी येई. तेल तो घेऊन जाई आणि घाणावळीबद्दल ढेप आमच्याकडे राही. आम्ही त्या वेळी नुकतेच शिक्षक झालो होतो आणि कविता करीत होतो. वणा नदी आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर वाहत असे. तरीही आमच्या कवितेत मंदाकिनी होती, राजहंस होते, केतकीचे बन होते. अशी एक कविता आम्ही एका मासिकाकडे धाडली. ती साभार परत आली. पाठीमागे संपादकांनी पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: "ही नदी आपण पाहिली आहे काय?" आम्हांस अतिशय राग आला. पुढे वर्षभर आम्ही त्या मासिकाचे नाव घेतले नाही. त्या एका ओळीत लेखनकलेचा सारा पहिला धडा होता, हे समजण्यास आम्हांस वीस वर्षे लागली.

याच काळात वडील रात्री ओट्यावर बसून घाण्याविषयी बोलत. घाण्याच्या प्रत्येक लाकडास त्यांच्यापाशी निराळे नाव होते. कोणते लाकूड कोणत्या झाडाचे असावे, ते कोणत्या महिन्यात तोडावे, बैल पहिल्यांदा फिरविताना झापड कशी बांधावी, हे सर्व ते सांगत. एकदा ते म्हणाले, "आवाज आयक बाबू. पानी कवा टाकाचं थे घानाच सांगते." आम्ही हूं हूं करीत होतो आणि मनात राजहंसाला यमक जुळवीत होतो.

वडील गेले. घाणा त्यापूर्वीच बंद पडला होता. काही वर्षांनी मागच्या पडवीतील अडगळ काढताना आमच्या नातवाने एक वक्राकार, तेलाने काळाभोर झालेला लाकडाचा तुकडा उचलून आणला व विचारले, "आबा, हे काय आहे?" तो घाण्याचा भाग होता एवढे आम्हांस ठाऊक होते. त्याचे नाव मात्र आम्हांस आठवेना. लाट, जू, झापड ही तीन नावे आम्हांस येतात. बाकीची सारी वडिलांबरोबर गेली. गावात ज्यांस विचारावे असे कोणी उरले नव्हते. सात पिढ्या ज्या घरात घाणा चालला, त्या घरातील मास्तराला घाण्याच्या एका लाकडाचे नाव सांगता आले नाही. मित्रांनो, आमच्या आयुष्यातील अनेक फजित्या आम्ही विसरलो, ही मात्र विसरलो नाही.

आणि यातील विशेष पाहा. १९३४ साली महात्माजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ आपल्या वर्ध्यासच स्थापन झाला. मगनवाडीत कार्यकर्त्यांनी घाणीचा बारकाईने अभ्यास केला, तीत सुधारणा केल्या, पुस्तिका लिहिल्या आणि वर्ध्याच्या घाणीचे नाव देशभर झाले. ते लोक बाहेरून आलेले होते. त्यांनी विचारले, मोजले व लिहून ठेवले. आम्ही घाण्याशेजारी जन्मलो, आणि आम्ही काहीच लिहिले नाही.

यास्तव पहिली सूचना अशी. एक साधी वही घ्या. आपल्या घरातील किंवा शेजारातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसा. पानाच्या माथ्यावर त्या व्यक्तीचे नाव, गाव व तारीख घाला. "तुमच्या काळी कसे होते?" असा ढोबळ प्रश्न विचारू नका, त्यास उत्तरही ढोबळच मिळते. त्यापेक्षा एखादी वस्तू हाती द्या, अथवा एखादे काम डोळ्यांसमोर आणून विचारा: "आजी, पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला म्हणजे आधी काय करीत?" मग मध्ये बोलू नका. म्हातारी माणसे थांबतात, तेव्हा ती आठवत असतात. त्या थांबण्यात आपण दुसरा प्रश्न घुसडला की धागा तुटतो. आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनियंत्र आहे, त्यात आवाज मुद्रित करता येतो. तो अवश्य करा, परंतु विचारून करा. आणि घरी आल्यावर स्वतःच्या हाताने वहीत उतरवून काढा. हात चालतो तेव्हाच कान शिकतो.

दुसरी सूचना: बोलणाऱ्याचा शब्द सुधारू नका. आमच्या वडिलांचे वाक्य आम्ही वर जसेच्या तसे सांगितले. ते शुद्ध करून "पाणी केव्हा घालावे हे घाणाच सांगतो" असे लिहिले असते, तर अर्थ राहिला असता पण वडील राहिले नसते. तुमचे निवेदन प्रमाण मराठीत असू द्या, त्यात ऱ्हस्वदीर्घाची चूक आम्हांस खपणार नाही. परंतु माणूस बोलू लागला की त्यास त्याच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत बोलू द्या. आणि वस्तूस तिच्या नावाने हाक मारा. ढेपेला 'पशुखाद्य' म्हटले की तिचा वास जातो.

या कामाचा थोर आदर्श आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना गाठून म्हाइंभटांनी त्या मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली व अनुयायांनी ती स्मरणावरून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आठवणीत जेथे फरक पडला तेथे निरनिराळ्या व्यक्तींचे पाठ नोंदविले गेले. मराठी गद्याचा हा आरंभीचा थोर ग्रंथ ऐकून आणि विचारून झालेला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. त्या आनंदात म्हाइंभटांच्या पायपिटीचाही वाटा आहे. तुम्हीही एकच गोष्ट दोघांकडून ऐका. काका एक सांगत असतील व आत्या दुसरे, तर दोन्ही लिहा.

तिसरी सूचना आरंभाविषयी आहे, आणि येथे आम्हांस कबुलीजबाब द्यावयाचा आहे. "मानवी जीवनात अमुक गोष्टीस अनन्यसाधारण महत्त्व आहे" हे वाक्य आम्ही शेकडो मुलांकडून गिरवून घेतले. निबंध आईवर असो, पावसावर असो वा वृत्तपत्रावर, आरंभ हाच. या वाक्यास गुण मिळत, म्हणून आम्ही ते शिकविले. आज त्या सर्व विद्यार्थ्यांची क्षमा मागून सांगतो की, तुमचा लेख लिहून झाला म्हणजे पहिला परिच्छेद झाकून पाहा. दहापैकी आठ वेळा लेख दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होत असतो. पहिला परिच्छेद म्हणजे गाडी जुंपण्यापूर्वीची खटपट. तिचे प्रवाशास काय होय?

चौथी सूचना विशेषणांविषयी. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, "माझी आजी अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होती." आम्ही तिला म्हटले, "बाळ, कशावरून?" ती विचारात पडली. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणले, "आजी वेचणीला जाताना फडक्यात दोन भाकरी बांधून नेई आणि संध्याकाळी त्यांतली एक आमच्यासाठी परत आणी. म्हणे, भूकच लागली नाही." यात कष्टाळू नाही, प्रेमळ नाही, पण वाचताना आमचा चष्मा ओला झाला. तुमच्या लेखातील प्रत्येक विशेषणास "कशावरून?" असा प्रश्न विचारा. उत्तर मिळाले तर ते उत्तर लिहा व विशेषण खोडा. उत्तर मिळाले नाही, तरीही विशेषण खोडा.

पाचवी सूचना: कोणासाठी लिहितो हे ठरवा. विनोबाजींच्या मातोश्रींना संस्कृत गीता कळत नसे आणि मराठीत सोपी गीता त्यांना हवी होती. ती तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलास सुचविले. त्या १९१८ साली निवर्तल्या. पुढे १९३० च्या ऑक्टोबरात विनोबाजींनी येथे वर्ध्यात गीताई लिहावयास घेतली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पूर्ण केली. ऐकणारी माता राहिली नव्हती, तरी लिहिणाऱ्यासमोर ती होती. म्हणून इतक्या विद्वान माणसाची लेखणी इतकी सोपी राहिली. आज गोपुरीच्या गीताई मंदिरात ती शिलांवर कोरलेली आहे. एकदा अवश्य जाऊन या, आणि दगडावर कोरावयाचे असते तर आपल्या लेखातील किती शब्द आपण ठेवले असते, याचा विचार करीत परत या. तुम्हीही लिहिताना एक माणूस समोर बसवा, शक्यतो कमी शिकलेला. लेख झाला की तो त्यास वाचून दाखवा. ऐकताना तो सुपारी कातरू लागला की समजावे, तेथे काहीतरी खोडावयाचे आहे.

येथे साने गुरुजींचे स्मरण होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. पहिल्या कामामुळे दुसरे घडले असे आम्ही म्हणत नाही. गुरुजी त्यापूर्वीही लिहीतच होते. परंतु एवढा मोठा लेखक दुसऱ्याचा लेखनिक होण्यात कमीपणा मानीत नव्हता, एवढे तर यातून उघड दिसते.

कोणी म्हणतील, लिहिण्यास घरात जागा नाही, वेळ नाही. त्यांनी सेवाग्रामची बापूकुटी पाहावी. मातीची भिंत, खाली बैठक. महात्माजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' हे पुस्तक तर बोटीवर लिहिले, आणि उजवा हात थकला तेव्हा डाव्या हाताने लिहिले. रोज एक पान लिहा. रोज एक पान म्हणजे वर्षाची तीनशे पासष्ट पाने. त्यांतील तीनशे टाकून दिली तरी एक पुस्तिका उरते. आणि लिहिलेले आठ दिवस डब्यात ठेवल्यावाचून कोणास देऊ नका. ताजे तेल गढूळ असते. ते निवळू द्यावे लागते, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको.

छापण्याची घाई करू नका. पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे व शाल-श्रीफळासह पुरस्कार घरपोच करणारे लोक आता पुष्कळ झाले आहेत. बापाने कापूस विकून आणलेला पैसा त्यांच्या हाती देऊ नका. आमची नात सांगते की, आता यंत्रास विषय दिला की ते क्षणात निबंध लिहून देते. आम्ही तिला म्हटले, "देऊ दे. त्याला विचार, तुझ्या पणजोबांच्या घाण्याच्या त्या लाकडाचे नाव काय." ती गप्प बसली. खरे म्हणजे गप्प बसण्याची पाळी आमचीही होती.

शेवटी एक सावधगिरी. घरच्या माणसांविषयी लिहिताना त्यांस देव करू नका. आमचे वडील तापट होते, आणि आमच्या मायने पुष्कळ सोसले. हे वगळून त्यांचे चित्र पुरे होणार नाही. परंतु जिवंत माणसाचे गुपित त्याच्या संमतीवाचून छापू नका. खरे लिहावे, पण दुसऱ्याच्या अब्रूवर स्वतःची लेखणी धारदार करू नये.

आता चिटणिसांस आमची एक विनंती आहे. आपल्या स्मरणिकेत वधूवरांची सूची असते, देणगीदारांची नावे असतात, गुणवंतांची छायाचित्रे असतात; ती असावीतच. त्यांबरोबर पुढील वर्षी वीस पाने राखून ठेवावीत. प्रत्येक घरातील एका मुलाने वा मुलीने एका वृद्धापाशी बसून, त्यांच्याच शब्दांत, चार पाने लिहून आणावीत. कोणी घाण्याची लिहील, कोणी शेतीची, कोणी लग्नातील गाण्यांची, कोणी घरातून निघून मुंबई-नागपुरास गेलेल्या पहिल्या माणसाची. त्यांतून एखादा मोठा लेखक निघेल किंवा निघणार नाही. त्याची चिंता आपण करू नये. संताजी महाराजांनी वही उघडली तेव्हा तीनशे वर्षांचा हिशेब त्यांनी केला नसेल.

ते काळे लाकूड आम्ही आज बरोबर आणले आहे. ते व्यासपीठाजवळच्या मेजावर ठेवले आहे. सभेनंतर आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी कृपा करून ते पाहावे. कोणास त्याचे नाव ठाऊक असेल तर आम्हांस सांगावे. आमची वही व लेखणी तयार आहे.